मालवणची थीम बोट आणि स्नॉर्कलिंग: या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात सांगलीहून अठरा जणांचा एक ग्रुप आला होता. आजोबांची पंचाहत्तरी होती आणि थीम ठरली होती 'शिवकालीन आरमार'. बोटीला भगवे झेंडे, पुरुषांना फेटे, बायकांना नऊवारी, मुलांच्या हातात लाकडी तलवारी. सकाळी आठला जेटीवर जमायचं, मग फोटो, बोटीवर औक्षण, केक, सिंधुदुर्गाची गोष्ट आणि शेवटी स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे मासे बघणं), असं वेळापत्रक होतं. ते मीच केलं होतं. प्रत्यक्ष पाण्यात उतरायला साडेबारा वाजले. तोवर खारा वारा सुटला होता, बोट हेलकावत होती, केक खाल्लेली तीन मुलं कडेला वाकून उलट्या करत होती. अठरापैकी दोघांना मासे दिसले. आजोबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी मास्क एकदाही न लावता परत दिला, ते मला अजून आठवतं.

त्या दिवसापासून मी एक क्रम धरला आहे: आधी पाणी, मग थीम. पुढे ज्या चुका सांगते आहे, त्यातल्या बहुतेक हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

तारीख ठरवताना फक्त सुट्टी बघणं

शनिवार-रविवार बघून बुकिंग होतं. समुद्राला मात्र वार कळत नाही, तिथी कळते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, तळाची माती वर येते आणि मास्कमधून हिरवट धुक्यापलीकडे काही दिसत नाही. अष्टमी ते दशमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाण्याला ओढ कमी असते आणि गाळ बसलेला असतो.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आमच्याकडे पोरांनाही पाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साधारण साडेसातला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. हा अंदाज आहे, मिनिटाचा हिशेब नाही, पण बेत आखायला पुरतो. आता यातली गंमत बघा. भरतीच्या शेवटी बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं, ओहोटी लागली की खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडतं. म्हणजे नवमी-दशमीला शांत पाणी आणि सकाळची भरती, दोन्ही एकदम मिळतात. भिंतीवरचं कॅलेंडर काढून ती तारीख शोधा. रजा एक दिवस मागेपुढे करता येत असेल तर जरूर करा.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ तोवर खाली बसतो. मे महिन्यात गर्दी सगळ्यात जास्त आणि समुद्र बिघडायला लागलेला, अशी अवस्था असते. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटक बोटी बंदच असतात. त्या काळात कोणी "आपली ओळख आहे, नेतो" म्हणाला तरी जाऊ नका. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तो दिवस मालवणात कोणी विसरलेलं नाही.

वेळ सकाळचीच घ्या. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी ताटासारखं सपाट असतं. जमीन तापली की वारा फिरतो आणि अकरा-बाराच्या पुढे लाटा उठायला लागतात. सातला पाण्यात, नऊला बाहेर, असा बेत हवा.

जागा न विचारता 'कॉम्बो' घेणं

किनाऱ्यावर एका दमात सांगतात: डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, बनाना राईड, स्नॉर्कलिंग, सगळं एकाच पैशात. त्सुनामी आयलंड म्हणजे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा. मुलांना खेळायला जागा छान आहे. पण नदीच्या मुखावर पाणी मातकट असणारच, तिथे मास्क लावून बघायला काही नाही. मालवणात स्नॉर्कलिंग करायचं ते सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांजवळ. बाहेर निवती रॉककडे पाणी आणखी स्वच्छ असतं, पण ते अंतर लांब, समुद्र मोकळा. लहान मुलं आणि आजी-आजोबा असलेल्या घराने तो हट्ट धरू नये.

आणखी एक घोळ नेहमी होतो. स्कूबा आणि स्नॉर्कलिंग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्कूबात पाठीवर टाकी घेऊन खाली जातात. स्नॉर्कलिंगमध्ये आपण पाण्यावर पालथे तरंगतो, चेहरा पाण्यात आणि नळी हवेत. पोहता येत नसलं तरी चालतं, कारण अंगात लाईफ जॅकेट असतं आणि हाताला धरायला तरंगती रिंग असते. पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: पाण्यात किती मिनिटं, एका गाईडमागे किती माणसं, आणि लहान मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी चाचरत दिलं तर दुसरी बोट बघा.

थीमचे कपडे घालून पाण्यात उतरणं

नऊवारी भिजली की काही किलोंनी जड होते आणि पायात गुंततं ते वेगळंच. फेट्यावर मास्कचा पट्टा बसत नाही. जीन्स तर पाण्यात दगडासारखी ओढते. पाण्यासाठी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज किंवा हाफ पँट एवढंच पुरे. मंगळसूत्र, अंगठ्या, पैंजण खोलीवर ठेवा; खडकांत पडलेली नथ कोणी शोधून देऊ शकत नाही.

सगळ्यात वाईट चूक फोटोसाठी जॅकेट काढण्याची. पोशाख झाकला जातो म्हणून लोक जॅकेट मांडीवर घेऊन बसतात. जॅकेट अंगात हवं, बकल लावलेलं हवं, आणि लहान मुलांचा पायांतून जाणारा पट्टाही ओढून बसवलेला हवा. तो नसला तर मूल पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. बोटीवर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा नोंदणी क्रमांक आणि प्रवासी संख्या रंगवलेली असते. ती वाचा आणि माणसं मोजा. फोटो हवे असतील तर परतल्यावर, जेटीवर, सुक्या कपड्यांत काढा. दहाचं ऊन फोटोला चांगलंच असतं.

भरल्या पोटी किंवा अगदी उपाशी जाणं

सुरमईची थाळी दुपारसाठी ठेवा. निघण्यापूर्वी तासभर आधी उकड्या तांदळाची पेज किंवा दोन घावणे, एवढंच. रिकाम्या पोटीही बोट लागते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोट लागणारच असं धरा आणि डॉक्टरांना विचारून अॅव्होमिनसारखी गोळी निघण्याआधी तास-दोन तास घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुतेक उलटीतच जाते. बोटीत नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे बसू नका, तिथे उसळी जास्त. मधोमध, डिझेलच्या धुरापासून लांब बसा आणि मोबाईल खाली ठेवून किल्ल्याच्या तटाकडे बघत राहा. दारू पिऊन आलेल्या माणसाला पाण्यात सोडू नये, मग तो वाढदिवसाचा मानकरी का असेना.

मास्क: इथेच निम्म्या सहली फसतात

गेल्या हंगामात कोल्हापूरची एक दहा-अकरा वर्षांची मुलगी पाण्यात उतरली आणि पाच मिनिटांत रडायला लागली. मास्कमध्ये पाणी भरत होतं. गाईडने पट्टा घट्ट केला, पाणी आणखी भरलं. पुन्हा घट्ट केला, तिच्या गालावर लाल वळ उठले. मी बोटीच्या शिडीवर बसून तिचा मास्क काढला. कपाळावरच्या बटा रबराच्या कडेखाली अडकल्या होत्या, त्या बटांच्या वाटेने थेंब थेंब पाणी आत येत होतं. केस मागे घेतले, पट्टा उलट सैल केला, मास्क नुसता टेकवला. तांडेल काका, म्हणजे बोट चालवणारे, वरून म्हणाले, "तोंडान श्वास घे गो बाय, नाकान नको." तिने चेहरा पाण्यात घातला आणि पुढची वीस मिनिटं ती वरच आली नाही.

पट्टा आवळून गळती थांबत नाही, बहुधा वाढते. माप बघायचं ते असं: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर दुसरा मागा. संकोच करू नका. मिशी असलेल्यांच्या वरच्या ओठापाशी थोडं पाणी येतंच. मिशीला व्हॅसलिन लावल्याने फरक पडतो.

काच धुरकट होत असेल तर आतून थुंकी चोळा आणि समुद्राच्या पाण्यात एकदा विसळा. किळस वाटत असेल तर बेबी शॅम्पूचा एक थेंब. स्वतःचा नवा मास्क आणणार असाल तर घरीच काच आतून टूथपेस्टने दोन-तीनदा घासा. कारखान्यातला पातळ थर काचेवर असतो, तो गेल्याशिवाय काही केल्या धुरकटपणा जात नाही. आणि कपाळाला सनस्क्रीन फासून येऊ नका. ते घामाबरोबर डोळ्यांत उतरतं, डोळे झोंबतात आणि लोक खाऱ्या पाण्याला दोष देतात. पाठ आणि पोटऱ्या मात्र टी-शर्ट-लेगिंग्जने झाका, कारण पालथं तरंगताना ऊन तिथेच लागतं.

नळीत पाणी शिरलं तर घाबरून डोकं वर झटकलं जातं. त्याऐवजी तोंडाने 'फू' करून एक जोराची फुंकर मारा, पाणी वरून उडून जाईल. वारंवार शिरत असेल तर तुम्ही हनुवटी छातीला लावून थेट खाली बघताय. नजर थोडी पुढे ठेवा, नळी सरळ उभी राहते. तोंडातलं रबर दातांनी करकचून चावू नका, ओठांनी धरा. जबडा दुखायचा थांबतो.

धाप लागल्यासारखं वाटलं तर बहुतेक वेळा तुम्ही श्वास पुरता सोडत नसता. रिंग धरा, चेहरा वर काढा, मास्क कपाळावर न चढवता गळ्यात घ्या आणि लांब उच्छ्वास सोडा. चार-पाच वेळा केलं की छाती मोकळी होते. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा अलीकडचं ऑपरेशन असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि गाईडलाही सांगावं. लपवू नये. हे सगळं कमरेएवढ्या पाण्यात, किनाऱ्याजवळ दहा मिनिटं करून बघितलं तर खोल पाण्यात अडचण येत नाही. मी आता ही दहा मिनिटं सोडत नाही.

खाली जे आहे त्याला हात लावणं

किल्ल्याजवळचा हा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ साली ते जाहीर झालं. खाली दिसणारे गोल, खडबडीत दगड हे दगड नाहीत, जिवंत प्रवाळ आहेत. त्यातले काही प्रकार वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. तुमच्या टाचेखाली मोडलेला तुकडा म्हणजे कित्येक वर्षांची वाढ. दमलात तर प्रवाळावर उभे राहू नका, रिंगेला लटका. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून नेणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, वाळूत पडलेला दिसला तरी उचलू नका.

माशांना पाव-बिस्किटं टाकायचा आग्रह काही बोटवालेही करतात. पिवळे-काळे पट्टे असलेले मासे लगेच झुंडीने येतात, व्हिडिओ मिळतो. पण त्यांचं काम प्रवाळावरचं शेवाळ खायचं आहे, बिस्किटं नव्हे. नम्रपणे नको म्हणा.

डॉल्फिन दिसले तर इंजिन मंद करायला सांगा, पाठलाग करायला सांगू नका. मोठा स्पीकरही बोटीवर आणू नका. आमच्या बोटीवर आता एक पखवाज आणि माणसाचा आवाज असतो, तेवढं भरपूर होतं.

पायात समुद्री साळूचा (खडकांवरच्या काटेरी गोल प्राण्याचा) काटा गेला तर दिसतो तेवढा अलगद काढा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि डॉक्टरांकडे जा. जेलीफिश लागला तर वाळूने चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि चिकटलेले धागे चिमट्याने अलगद काढा. श्वासाला त्रास किंवा चक्कर वाटली तर थेट दवाखाना.

कोल्हापूरकरांसाठी एक सांगायलाच हवं. स्नॉर्कलिंग करून त्याच दिवशी घाट चढायला काही हरकत नाही. स्कूबा केलं असेल तर मात्र घाई करू नका. आंबोली जवळपास ६९० मीटर उंचीवर आहे आणि पाण्याखालून आल्यावर लगेच उंचावर जाणं शरीराला चांगलं नाही. बारा तास किनाऱ्यावर थांबा, एक मुक्काम वाढवा.

तांडेल 'आज नको' म्हणाला तर

वाद घालू नका. "आज पाणी गडूळ आसा, उद्या सकाळी येवा," असं तो म्हणतो तेव्हा त्याचंही त्या दिवसाचं भाडं बुडत असतं. बुकिंग करतानाच ठरवून घ्या की हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत की दुसरा दिवस, आणि ते मेसेजवर लिहून घ्या. दोन रात्रींचा मुक्काम असेल तर बोट पहिल्या सकाळी ठेवा, म्हणजे दुसरी सकाळ हातात राहते.

फेरी रद्द झालेला दिवस थीमला द्या. ओहोटीला किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी जा. १६६४ साली किल्ल्याच्या बांधकामाचं पूजन तिथे झालं असं सांगतात. फेटे, नऊवारी, लाकडी तलवारी सगळं तिथे शोभतं, आणि समोर पाण्यात किल्ला उभा असतो. गुराब, गलबत, मचवा या जुन्या जहाजांतला फरक मुलांना वाळूत काठीने काढून दाखवा. साखरबाव, दूधबाव, दहीबाव ही किल्ल्यातल्या गोड्या पाण्याच्या विहिरींची नावं त्यांच्याकडून पाठ करून घ्या. रात्री लवकर झोपा. सकाळी साडेसहाला जेटीवर यायचंय, पेज खाऊन, कपाळावरचे केस मागे बांधून.