"देवाने हे का होऊ दिलं?" असं कोणी विचारलं तर काय करायचं

पहिलं म्हणजे लगेच उत्तर देऊ नका. समोरचा रडत विचारतोय की निवांत वाद घालायला बसलाय ते आधी बघा, प्रश्न तोच असला तरी दोघांना हवं असतं वेगळंच. रडणाऱ्याजवळ नुसतं बसा. बायबलमधल्या ईयोबाचं उदाहरण घ्या, त्या भल्या माणसावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोपर्यंत सगळं ठीक होतं, तोंड उघडलं आणि घोळ झाला, तू पाप केलं असशील म्हणूनच हे भोगतोयस असं सुरू केलं, आणि शेवटी ईयोबाच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात देवाचा राग पेटला तो त्यांच्यावर. ईयोब देवाशी एवढा भांडला, त्यालाही देवाने सुनावलंच, पण माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोबच असं म्हणाला.

म्हणून 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' ही लाईन कायमची डिलीट करा. येशूनेही ती खोडलीय. योहानाच्या शुभवर्तमानातल्या ९व्या अध्यायातला जन्मांध माणूस घ्या, ना त्याचं पाप ना आईबापाचं. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले (लूक १३), ते काय बाकीच्यांपेक्षा जास्त पापी नव्हते.

फ्री विलचा, म्हणजे देवाने माणसाला निवडीचं स्वातंत्र्य दिलंय हा मुद्दा कुठे वापरायचा? जिथे माणसानेच माणसाला त्रास दिलाय तिथे, म्हणजे मारहाण, फसवणूक, दारू पिऊन चालवलेली गाडी. देवाने बाहुल्या नाही बनवल्या, जबरदस्तीचं प्रेम त्याला नको होतं, म्हणून वाईट निवडायचीही मोकळीक आली. पण कॅन्सर किंवा भूकंपाला हे उत्तर चिकटवू नका, बसत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात सगळी सृष्टीच कण्हतेय असं प्रेषित पौल म्हणतो, तेवढं सांगा आणि थांबा.

कृपेबद्दल बोलताना एक सापळा आहे, 'विश्वास कमी पडला म्हणून बरं झालं नाही'. हे तर माझ्या मते क्रूर आहे. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा कसलातरी त्रास, जावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर आलं. आता पौलाचा विश्वास कमी होता का?

वाद घालायला बसलेल्याला मात्र मागचा इतिहास सांगायला हरकत नाही. ऑगस्टिन (देवाच्या कृपेशिवाय माणसाला जमत नाही म्हणणारा) विरुद्ध पेलागियस (माणूस स्वतःच चांगलं निवडू शकतो म्हणणारा), त्यावर ४१८ ची कार्थेजची चर्चसभा, मग १६१८-१९ ला नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या चर्चसभेत पुन्हा तसाच राडा, तारणाच्या बाबतीत देव निवडतो की माणूस. कॅथलिक, कॅल्विनवादी, मेथडिस्ट आजही एकसारखं उत्तर देत नाहीत, तेव्हा आपण कुठल्या बाजूने बोलतोय ते आधीच सांगून टाका. फिलिप्पैकरांस २:१२-१३ दोघांनी मिळून वाचा, तिथे 'तुम्ही झटा' आणि 'देवच तुमच्यात करतो' हे लागोपाठ येतं.

आणि हो, रोमकरांस ८:२८, सगळं मिळून कल्याणच होतं ते वचन, पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवू नका प्लीज. वाचायचंच असेल तर स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी काही गोडधोड नाही, आणि तरीही ते बायबलमध्ये आहे.