पाणी उतरलं, आता छाती सांभाळा : पुरानंतर हृदयरुग्णांच्या घरी होणाऱ्या चुका

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला. गोसीखुर्दमधून पाणी सुटलं आणि भंडारा-पवनीपासून ब्रह्मपुरी-वडशापर्यंत गावंच्या गावं पाण्यात गेली. अशा वेळी सगळ्यांची नजर नदीवर असते. पाणी उतरलं की सुटलो बुवा, असं वाटतं. मग गाळ, पंचनामा, तलाठ्याकडच्या चकरा. हृदयाच्या पेशंटला जड जातात ते हेच आठवडे.

2005 साली कतरिना वादळाने अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर बुडवलं. तिथल्या टुलेन विद्यापीठाच्या रुग्णालयाने नंतर हिशेब मांडला. वादळानंतरच्या दोन वर्षांत भरती झालेल्यांमध्ये हार्ट अटॅकवाल्यांचं प्रमाण आधीच्या जवळपास तिप्पट निघालं. त्यांच्यात काम सुटलेले आणि गोळ्या नियमित न घेणारे जास्त होते. तिथल्या नोकरीच्या जागी आपलं सोयाबीन आणि धान ठेवा, चित्र तेच उरतं.

‘दोन-चार दिवस गोळी चुकली तर काय होते?’

मी मेडिकल चालवतो. पुरानंतर काउंटरवर ओल्या पट्ट्या येतात. फॉइलवरची शाई उतरलेली, आत गोळीचा लगदा. काही जण पट्टीही आणत नाहीत. ‘बारकी पांढरी गोळी होती भाऊ, हृदयाची.’ बारीक पांढऱ्या गोळ्या दुकानात शेकड्याने आहेत. अंदाजाने गोळी देणारा दुकानदार भेटला तर तिथून उठून जा.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकलेल्या माणसाने रक्त पातळ करायच्या गोळ्या, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन मनाने बंद केली, तर स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते, आणि पहिल्या काही महिन्यांत हा धोका सगळ्यात जास्त. मेटोप्रोलोलसारखी ठोके आवरणारी गोळी एकदम तोडली तर ठोके आणि बीपी उसळतात, छातीत दुखायला लागतं. कोलेस्ट्रॉलची गोळी दोन दिवस राहिली तर तेवढं बिघडत नाही. पहिली धावपळ स्टेंटच्या आणि ठोक्यांच्या गोळ्यांसाठी करा. चुकलेले डोस भरून काढायला दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊ नका.

सोपा उपाय म्हणजे चिठ्ठीचा आणि पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढा. तोच पुण्या-नागपुरात राहणाऱ्या मुलाच्या मोबाइलवरही पाठवा, कारण आपला मोबाइलही भिजतो. चिठ्ठी गेलीच असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन नव्याने लिहून घ्या. बीपीच्या आणि हृदयाच्या नेहमीच्या बऱ्याच गोळ्या तिथे फुकट मिळतात.

लघवीची गोळी लपवून ठेवणं

यावर कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हृदय कमजोर झालेल्यांना अंगातलं पाणी काढायची गोळी असते, लॅसिक्स किंवा तिच्या जातीची. ती घेतली की काही तास सारखं उठावं लागतं. गाव शाळेत हलवलेलं असतं. चार वर्ग, दोनशे माणसं, संडास एकच आणि तोही तुंबलेला. बाया काय करतात? गोळी पदरात बांधून ठेवतात आणि पाणीही कमी पितात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय सुजतात, रात्री आडवं झालं की दम लागतो, उशीला टेकून बसून रात्र काढावी लागते. विचारलं तर ‘झोप नाही झाली’ एवढंच सांगतात.

गोळीची वेळ पुढेमागे करता येते. तिचा जोर साधारण सहा तास असतो. ज्या वेळेला आडोशाची सोय होईल ती वेळ धरा. आशाताईंना किंवा डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, लाज धरू नका. आणि शिबिर चालवणाऱ्या सरपंच-सदस्यांनो, पुरी-भाजीची पंगत वाढवण्याआधी बायांसाठी एक आडोसा बांधा. माझ्या मते तेही औषधाइतकंच लागतं.

एका जागी तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसू नका. 2004 मध्ये जपानच्या निगाता भागात भूकंपानंतर लोक गाड्यांमध्येच राहिले. त्यातल्या काहींच्या पायात गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसात जाऊन अडकल्या. अधूनमधून वऱ्हांड्यात चार फेऱ्या मारा.

घरी वजनकाटा असेल, अगदी धान्य मोजायचा असला तरी, रोज सकाळी वजन बघा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मदतीच्या पुड्यातलं मीठ

चिवडा, फरसाण, बिस्किटं, नूडल्स. देणाऱ्याचं मन मोठं, पण हे सगळं खारट. बीपीवाल्याने आणि सूज असणाऱ्याने मदतीतला भात, डाळ, केळी आधी घ्यावीत. लोणचं-पापड दुसऱ्याच्या ताटात.

ओआरएस हे रोज प्यायचं सरबत नाही, त्यात मीठ असतं. हगवण लागली तर मात्र ते हवंच. हगवण-उलटी सुरू असताना पाण्याची गोळी किंवा बीपीची टेल्मिसार्टन तशीच चालू ठेवली तर बीपी पडतं आणि किडनीवर ताण येतो. लॅसिक्ससारख्या गोळीने पोटॅशियमही घसरतं. गोळी थांबवायचा प्रश्न येतो तो इथे, आणि तोही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करूनच सोडवायचा.

गाळ काढायला बाबांनाच लावणं

ओला गाळ किती जड असतो ते फावडं धरणाऱ्याला विचारा. भिजलेलं कट्टं उचलायचं, मोटर धानाच्या बांधीतून ओढून आणायची, हे काम हृदयाच्या पेशंटचं नाही. बसून धान निवडायला, कागद सुकवायला लावा.

मग अंग ठणकतं आणि माणूस मेडिकलवर येऊन ‘एक अंगदुखीचा डोस द्या’ म्हणतो. त्या पुडीत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक असतं, कधी स्टेरॉइडही. दोन्ही अंगात मीठ-पाणी धरतात आणि बीपी वाढवतात. रक्त पातळ करायच्या गोळीसोबत डायक्लोफेनॅकमुळे पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. दुखलंच तर पॅरासिटामॉल. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ठाऊक असतं, तरी पुडी विकली जाते.

हृदयाची झडप बदललेल्यांनी, रक्त पातळ करायच्या अ‍ॅसिट्रॉमवर असणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. जखमेसाठी किंवा तापासाठी अँटिबायोटिक सुरू झालं, किंवा ताटातली पालेभाजी अचानक बंद झाली, की रक्त जास्त पातळ होऊ शकतं. हिरड्यांतून रक्त, काळी शी, अंगावर निळे डाग दिसले तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, करून घ्या. आणि लहानपणी सांधेताप होऊन झडप खराब झालेल्या पोरा-पोरींचं तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन पुराच्या गडबडीत हमखास राहून जातं. रस्ता उघडला की पहिल्या गाडीत त्यांना बसवा.

‘काई नाई बाप्पा, गॅस धरला असन’

छातीवर दगड ठेवल्यासारखं, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम. शुगरवाल्यांना आणि बायांना नुसता थकवा, मळमळ, धाप एवढंच जाणवू शकतं. सोडा पाजून, छाती चोळून तासभर घालवू नका. पेशंटला बसवा, 108 लावा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर 300 मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला द्या; अ‍ॅसिट्रॉमवाल्याच्या बाबतीत आधी 108 च्या डॉक्टरांना विचारा. जिभेखालची गोळी लिहून दिली असेल तर बसवूनच द्या, चक्कर येत असेल किंवा बीपी पडलेलं असेल तर देऊ नका.

पुलावरून पाणी असेल तर पेशंटला नाल्यातून चालवत नेऊ नका. दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवून नेणंही तसंच. 1077 वर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवा, बोट तिथूनच हलते. एसडीआरएफची (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी नागपुरात असते, पण यायला वेळ लागतो. पावसाळ्याआधीच गावात ठरवून ठेवा : कोणाचा ट्रॅक्टर, कोणता रस्ता उंचावरचा, अलीकडच्या बाजूला ईसीजी निघणारं रुग्णालय कोणतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितकं हृदय वाचतं. बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग राहत नाही.

बीपी न मोजता महिना काढणं

जपानमधल्या कोबेच्या 1995 च्या भूकंपानंतर बीपीच्या रुग्णांचं बीपी काही आठवडे चढलेलं राहिलं होतं. पीक गेलेल्या घरात झोप नसते, बिडी-खर्रा वाढतो, कोणी दारू जास्त घ्यायला लागतो. उपकेंद्रात आठवड्यातून एकदा बीपी मोजा आणि आकडा वहीत लिहा. पंचनाम्याच्या फाइलमध्ये रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स लावताना एक जादा प्रत प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवा. अँजिओप्लास्टीची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी तेच कागद मागतात.