गाडी विकताना या चुका टाळा, पैसे आले म्हणजे सुटलो असं समजू नका

मागच्या वर्षी आमची दहा वर्षं जुनी वॅगनआर विकायला काढली. एजंटला दिली तर चाळीसेक हजार तोच खाणार, म्हणून म्हटलं आपणच ऑनलाइन टाकू, त्यात काय एवढं. जाहिरात टाकली आणि हातातला चहा संपायच्या आत सहा फोन. त्यातले चार एजंटचेच, एक जण गाडी न बघताच "फायनल किती" विचारत होता, आणि सहावा म्हणे आर्मीत आहे, पोस्टिंग बाहेर आहे, गाडी न्यायला ट्रान्सपोर्टवाला येईल, टोकन आत्ताच पाठवतो. लगेच व्हॉट्सॲपवर युनिफॉर्ममधला फोटो, आयकार्ड, आणि त्याच्या मागोमाग क्यूआर कोड. "सर आप स्कॅन कीजिए, पैसा आ जाएगा."

पैसा येत नाही, जातो. यूपीआयवर पैसे घ्यायला ना स्कॅन करावं लागतं ना पिन टाकावा लागतो, पिन विचारला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून निघणार. हे आता बऱ्याच जणांना माहितीये, तरी लोक फसतात, कारण समोरचा आधी १ रुपया खरंच पाठवून विश्वास बसवतो आणि मग घाई करतो. आणि युनिफॉर्म बघून आपण जरा ढिले पडतो, हेही खरंय. चुकून गेलेच पैसे तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा, पहिल्या तासाभरात केला तर पैसे पुढच्या खात्यात अडकवता यायची शक्यता जास्त.

पण ही झाली साधी फसवणूक. मला खरा घाम फुटला तो दुसऱ्या प्रकाराने.

मधला माणूस

एकाने फोन केला, मी ३ लाख २० हजार सांगितले, तो म्हणाला ठीक आहे. घासाघीस नाही, काही नाही. इथेच कान टवकारायला हवे होते, जुनी गाडी आणि घासाघीस नाही असं आपल्याकडे कधी होतं का! म्हणाला, "मी बाहेरगावी आहे, रविवारी माझा मेव्हणा येईल बघायला. फक्त त्याच्याशी पैशाचं काही बोलू नका, आमचा घरचा हिशोब आहे, त्याच्याकडून मला जुने पैसे यायचेत." मला काय, म्हटलं बरं.

रविवारी सकाळी चाकणहून एक जोडपं आलं, सोबत छोटी मुलगी. माणूस वाकून वाकून टायर बघतोय, डिकी उघडून स्टेपनी बघतोय, बायको मागच्या सीटवर बसून बघतेय. पैशाचा विषय कोणीच काढेना. शेवटी त्या ताईंनीच सरळ विचारलं, "तुमच्या भावाने २ लाख ४० सांगितलेत, ते सगळं धरून ना?" मी म्हटलं कोण भाऊ? ते म्हणाले, "अहो ज्यांनी जाहिरात टाकलीय ते. म्हणाले गाडी भावाकडे लावलीय, तो जरा तापट आहे, त्याच्याशी किमतीचं बोलू नका." त्यांनी मोबाइल दाखवला. फोटो माझेच, मागे आमच्या सोसायटीचा पारिजात, कोपऱ्यात माझी चप्पलसुद्धा. नंबर मात्र मला फोन करणाऱ्या त्या माणसाचा आणि किंमत २ लाख ४०.

म्हणजे त्याने माझे फोटो उचलून स्वतःची जाहिरात टाकली, मला घेणारा म्हणून गाठलं आणि त्यांना विकणारा म्हणून. गाडी खरी, मालक खरा, पत्ता खरा, त्यामुळे बघायला आलेल्याला शंका येणार कशी? त्यांना गाडी पसंत पडली की तो म्हणणार माझ्या खात्यावर टाका, आणि मला पाठवणार पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट. मी चावी दिली की गाडी माझी गेली. नाही दिली तर पैसे गेलेलं ते कुटुंब माझ्याच दारात उभं राहणार, आणि पोलिसांकडे तक्रार झाली की त्यात पहिलं नाव माझं, कारण त्यांना माहीत असलेला पत्ता तेवढा एकच. सुदैवाने त्यांनी तोवर ५ हजार टोकनच दिलं होतं. गेले ते. माझ्यासमोर त्याला फोन लावला, दोन रिंग झाल्या आणि कट, नंतर बंद.

त्यामुळे जो बघायला येईल त्याच्याशी किंमत उघड बोला, सगळ्यांसमोर, आणि "पैशाचं बोलू नका" असं कोणी म्हटलं की तिथेच व्यवहार थांबवा. पैसे जो गाडी घेतोय त्याच्याच खात्यातून आणि थेट तुमच्या खात्यात. मेव्हणा, पार्टनर, भाचा असलं काही नाही.

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत

पेमेंट ॲपसारखं हुबेहूब दिसणारं खोटं ॲप मिळतं, टिंग आवाजासकट. बँकेचा मेसेजही बनवता येतो. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन बॅलन्स स्वतः बघा, मगच चावी. "आज रविवार आहे, सर्व्हर डाऊन आहे, उद्या दिसतील" हे ऐकायचंच नाही, एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असतं. उद्या दिसणार असतील तर गाडीही उद्या घेऊन जा म्हणावं. डीडी देत असेल तर त्याच्या बँकेत सोबत जा आणि समोर काढून घ्या, डीडीसुद्धा बनावट असतात, आणि ते नेमके शनिवारी संध्याकाळी येतात जेव्हा विचारायला बँक उघडी नसते. कोणी सगळी रोख देतो म्हणाला तर एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला.

टेस्ट ड्राइव्हला एकट्याला पाठवू नका, मूळ लायसन्स बघा आणि तुम्ही शेजारी बसा. दोन माणसं आली की एक तुम्हाला बोलण्यात गुंतवतो आणि दुसरा बॉनेटखाली एखादी वायर ढिली करतो, मग इंजिन थडथडायला लागतं आणि किंमत तीस हजारांनी उतरते. बॉनेट उघडलं की तुम्ही तिथेच उभे राहा.

आरसी आणि आधारचे फोटो फोनवर कोणालाही पाठवू नका, त्याच कागदांवर तुमच्या नावाने दुसऱ्या कोणाला तरी तुमची गाडी "विकली" जाते. द्यायचेच तर शेवटी द्या, आधारचे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या, आणि झेरॉक्सवर आडवं लिहा की अमुक गाडीच्या विक्रीसाठीच, तारखेसह. जाहिरातीत नंबर टाकल्यावर "आरटीओ चलन" नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी, फाइलही व्हॉट्सॲपवर येऊ शकते. उघडू नका, चलन कधी एपीकेमध्ये येत नाही.

कोऱ्या टीटी फॉर्मवर सही

ही चूक तर शिकलेली माणसंही करतात. एजंट म्हणतो फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे टीटी फॉर्म, यांवर सह्या करून ठेवा, बाकीचं आम्ही भरतो. आपण करतो, पैसे घेतो, पेढे खातो. तो गाडी नावावर करतच नाही, कारण गिऱ्हाईक मिळालं की थेट त्याच्याच नावावर चढवायची, मधला ट्रान्सफर खर्च वाचला. तोपर्यंत सहा महिने गाडी कोण फिरवतंय देव जाणे, आणि कागदावर मालक तुम्ही.

चलन येईल ते सोडा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. तिथे गाडी विकून झाली होती, पुढे एकाकडून दुसऱ्याकडे अशी बऱ्याच हातांतून गेली होती, तरी जबाबदारी आली ती कागदावरच्या माणसावर. १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट झाला तेव्हाही गाडीच्या नंबरवरून पोलीस आधी पोचले ते ती केव्हाच विकून मोकळ्या झालेल्या माणसाकडे.

कायद्याने राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे काम घेणाऱ्यावर सोडू नका. फॉर्मवर घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय सही नाही. परिवहन पोर्टलवर अर्ज तुमच्यासमोर भरा, त्याचा ओटीपी तुमच्याच आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तेव्हा जुना बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर आधी तो बदला. ओटीपी देण्याआधी मेसेज नीट वाचा, कशासाठी आहे ते त्यात लिहिलेलं असतं. डीलरला देत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं ऑथरायझेशन आहे का विचारा, एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरता येतो आणि तिथून पुढे जबाबदारी त्याची. "हो हो, करतो नंतर" म्हणाला तर दुसरा डीलर बघा.

ताबा पावती लिहिताना तारखेसोबत वेळही टाका, ११ नोव्हेंबर, दुपारी ४.१०, किलोमीटर इतके, अशी. चलन वेळेवरूनच ठरतं कोणाचं ते. लोन संपलं असेल तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो पुष्कळदा, तो आधी उतरवून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लावा, नाहीतर ट्रान्सफर अडतो. आणि इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही, कंपनीकडून त्याचं लेटर घेऊन ठेवा, पुढच्या गाडीला ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते.

आमची गाडी शेवटी त्याच चाकणच्या जोडप्याने घेतली, २ लाख ९५ ला. त्यांचे ५ हजार गेले होते म्हणून मीही थोडा खाली आलो. सगळे कागद व्यवस्थित केले, पावतीवर वेळसुद्धा लिहिली, अगदी शहाण्यासारखं. आणि तिसऱ्या दिवशी रात्री टीव्ही बघत बसलो होतो तर मेसेज आला, खालापूर टोल, पैसे कापले गेले. फास्टॅग बंद करायचाच राहिला होता. त्यांना फोन केला तर म्हणाले, "अहो काका, काचेवर तसाच होता, आम्हाला वाटलं गाडीबरोबरच आला." पाच मिनिटांत टोलचे पैसे पाठवले त्यांनी, क्यूआर कोड न पाठवता, आणि मी बँकेला फोन लावून टॅग बंद केला.