पंपाचे तास म्हणजे पाणी नव्हे: भूमिगत खाणीत पाणी मोजायला नव्याने जाणाऱ्यांसाठी

पंप खलाशाच्या नोंदवहीत रोज नीटस आकडे असतात. पंप १५ तास चालला, पाटीवर ताशी ८० घनमीटर लिहिलंय, गुणाकार १२००. झालं आजचं पाणी. वर्धा खोऱ्यातल्या एखाद्या भूमिगत कोळसा खाणीत या कामाला लागणार असाल, तर हा गुणाकार आधी डोक्यातून काढा. तो आकडा पाटीचा आहे, पाण्याशी त्याचा संबंध थोडाच.

पाटीवरचा विसर्ग ठरावीक उंचीसाठी आणि नव्या पंपासाठी असतो. खाणीत इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) झिजतो, फूट व्हॉल्व्हच्या (ओढनळीच्या तळाच्या झडपेच्या) जाळीत कोळशाचा चुरा बसतो, काम डिपकडे (थराच्या उताराने खाली) सरकलं की पाइप आणि हेड (पाणी चढवायची उंची) दोन्ही वाढतात. सम्प (पाणी जमवायचा खड्डा) रिकामा होत आला की पंप अर्धी हवाच ओढतो, पण तास मात्र पूर्ण लागतो.

खरा आकडा असा काढा. ओव्हरमनला (पाळीच्या पर्यवेक्षकाला) सांगून पंप अर्धा तास बंद ठेवा आणि सम्पमधल्या पट्टीवर पाणी किती चढलं ते बघा. समजा पाण्याचा पृष्ठभाग १२० चौरस मीटर आहे आणि पाणी १५ सेंटीमीटर चढलं. म्हणजे १८ घनमीटर, ताशी ३६. ही खरी आवक. आता पंप सुरू करा. अर्ध्या तासात पातळी ९ सेंटीमीटर उतरली, तर ताशी २१.६ घनमीटर घट. त्यात आवक मिळवा: पंप ताशी ५७.६ घनमीटर फेकतोय, ८० नाही. दिवसाची आवक ८६४ घनमीटर, नोंदवही म्हणते १२००.

आता खरा फास बघा. आवक तेवढीच राहिली आणि पंप झिजून ताशी ४८ वर आला, तर तेच पाणी काढायला १८ तास लागतात. नोंदवहीत १४४० दिसतात. सगळे म्हणतात पाणी वाढलं, आणि वाढलेलं काहीच नसतं. याच्या उलट प्रकार जास्त घातक. नवा इम्पेलर बसला की तास कमी होतात, आणि नेमकं त्याच महिन्यात गोफ (कोळसा काढून सोडलेली पोकळी) बसून कोळशाच्या वरच्या कामठी वालुकाश्म खडकातून पाणी वाढलं असेल तर ती वाढ कागदावर दिसतच नाही. म्हणून ही चाचणी महिन्यातून एकदा, आणि पंप किंवा पाइप बदलला की त्याच आठवड्यात करायची.

दोन ठिकाणी चूक होते. फेसवरचे (जिथे कोळसा कापतात तिथले) छोटे पंप याच सम्पात पाणी सोडत असतील, तर त्या अर्ध्या तासात कोणता चालू होता ते लिहा. आणि डिपमधला सम्प म्हणजे हौद नाही. सहास एक उतारावर पाणी अर्धा मीटर चढलं की प्रत्येक गॅलरीत (बोगद्यात) ते ३ मीटर वर सरकतं, क्षेत्रफळ बदलतं. नकाशावरून पिलर (मधे सोडलेले कोळशाचे खांब) वजा करून क्षेत्रफळ पुन्हा काढा. वाळू स्टोइंगचं (पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरण्याचं) आणि ड्रिलिंगचं पाणी तुम्हीच खाली सोडलेलं असतं, तेही वजा करा.

नालीतलं पाणी ९० अंशाच्या व्ही-नॉचने (नालीत आडव्या लावलेल्या पत्र्यातल्या V आकाराच्या खाचेने) मोजा. खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये, तिचा २.५ वा घात, गुणिले ०.०१३८, की सेकंदाला लिटर मिळतात. १० सेंटीमीटरला ४.४, ११ ला ५.५. एका सेंटीमीटरने पाव हिस्सा बदलतो, म्हणून पट्टी नॉचला चिकटवू नका. तिथे पाणी आधीच वाकून खाली गेलेलं असतं. उंचीच्या चौपट तरी मागे लावा.

पहिले दोन-तीन महिने नालीचा आणि सम्पाचा आकडा जुळणार नाही. घाबरू नका, सगळ्यांचं असंच होतं. मात्र जुळवण्यासाठी आकडा वाकवू नका. मागच्या महिन्याची नोंद उतरवून काढणाऱ्या साहेबापेक्षा पंपाच्या आवाजावरून हवा ओळखणारा खलाशी शंभर पटीने चांगला गुरू आहे. त्याच्याजवळ बसा.

नमुन्यांचं थोडक्यात. मोबाइल आणि साधा बॅटरीचा मीटर खाली नेता येत नाही, म्हणून बाटली काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता बंद करा आणि वर येताच पीएच व ईसी (विद्युतवाहकता) घ्या. उशीर केला की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढतो. विरघळलेल्या लोहासाठी वेगळी बाटली: आधी ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, मग नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. क्रम उलटला तर गाळातलं लोहही विरघळून मोजलं जातं. तेल-ग्रीससाठी काचेची बाटली, आणि ती नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही. मे महिन्यात नागपूरपर्यंत नमुना न्यायचा तर बर्फाची पेटी हवीच. बाहेर सोडायच्या पाण्यात पीएच ५.५ ते ९, तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, तेल-ग्रीस १० पर्यंत चालतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट. भिंतीला घाम फुटला, सडक्या अंड्याचा वास आला किंवा ईसी एकदम उसळला, तर नमुना घेत बसू नका. माणसं मागे घ्या आणि सिरदाराला (त्या भागाची सुरक्षा बघणाऱ्याला) सांगा. ते जुन्या कामात साठलेलं पाणी असू शकतं. वास थोड्या वेळाने येईनासा होतो, पण वायू तिथेच असतो. धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला असंच पाणी फुटून ३७५ माणसं गेली. पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत जायचं तर लेखी परवानगी घेऊन, पुढे भोकं पाडतच जावं लागतं.

वर गावातल्या विहिरी मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत मोजतात. कठड्यावर लाल रंगाची एकच खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. रात्री लाइन आली की कपाशीचे किंवा संत्र्याचे पंप चालतात, म्हणून पंप कधी बंद झाला ते विहिरीच्या मालक काकाजींना विचारून लिहा. ते "पाणी वीस हातावर होतं, आता पंचवीसवर गेलं" म्हणतील. तेही वहीत उतरवून घ्या, तारखेसकट. आणि "खाणीनंच आटलं का?" असं विचारलं, तर तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणू नका. आपला आकडा त्यांना दाखवा, आणि पुढच्या मोजणीला त्यांनाच टेपचं दुसरं टोक धरायला बोलवा.