शूबर्ट ऐकायला कुठून सुरुवात करावी

भावगीत आणि रागसंगीत ऐकून ज्यांचा कान घडला आहे, त्यांनी फ्रान्झ शूबर्टकडे वळताना सिंफनीऐवजी (म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेऐवजी) त्याच्या गाण्यांपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. व्हिएन्नात १७९७ साली एका शिक्षकाच्या घरी जन्मलेला आणि १८२८ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारलेला हा संगीतकार सहाशेहून अधिक गाणी मागे ठेवून गेला, आणि कवितेतला भाव चालीत उतरवण्याची त्याची हातोटी भावगीताच्या श्रोत्याला लगेच ओळखता येते. मात्र कविता जर्मन असल्याने गाणे लावण्यापूर्वी तिचा अनुवाद वाचावाच.

त्याच्या रचनांना संगीत-अभ्यासक डॉइच यांनी केलेल्या सूचीतले ‘डी’ क्रमांक आहेत; शोधताना जर्मन नावांपेक्षा तेच सोयीचे पडतात. प्रथम जर्मन कवी गटेच्या कवितेवरचे, शूबर्टने सतराव्या वर्षी रचलेले डी ११८ घ्यावे. सूत कातता कातता ग्रेटशेन प्रियकराच्या आठवणीत हरवते आणि पियानोवरचा उजवा हात चरख्यासारखा फिरत राहतो. चुंबनाची आठवण येताच तो थांबतो आणि मग अडखळत पुन्हा फिरू लागतो. एकदा गायिकेकडे लक्ष द्यावे, दुसऱ्यांदा केवळ पियानोकडे. हे घरी, निवांत वेळी करावे, कारण लोकलच्या खडखडाटात पियानोचे खालचे स्वर बुडून जातात.

त्यानंतर डी ३२८: रात्री घोड्यावरून आजारी मुलाला घेऊन निघालेला बाप, मुलाला भुलवणारा एर्लक्योनिग (लोककथेतला भुताटकीचा राजा), तो मुलगा आणि निवेदक, असे चौघे एकाच गायकाच्या कंठातून बोलतात. कोण बोलत आहे हे शब्दांकडे न पाहता ओळखता येऊ लागले, की पुढे जावे.

पुढे म्हणजे ‘विंटररायझे’ (हिवाळी प्रवास), डी ९११. विल्हेल्म म्युलरच्या चोवीस कवितांची ही १८२७ सालची मालिका साधारण सव्वा तासाची असून ती तुकड्यांत ऐकू नये. शेवटच्या गाण्यात बर्फावर अनवाणी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या वादकाचे वर्णन आहे. तिथे पियानोचा डावा हात षड्ज-पंचमाची जोडी अखंड धरून ठेवतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला तिथले एकाकीपण फार खोलवर जाणवते.

वाद्यसंगीताकडे यानंतरच वळावे. दोन चेलो (व्हायोलिनच्या कुळातले मोठे, खर्जातले वाद्य) असलेल्या डी ९५६ या पाच वाद्यांच्या पंचकाचा संथ दुसरा भाग आधी ऐकावा, मग ‘अपूर्ण’ म्हणून प्रसिद्ध असलेली सिंफनी, डी ७५९. ती १८२२ साली लिहिली गेली, पण तिचे पहिले वादन १८६५ साली, म्हणजे शूबर्टच्या मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी झाले.

मुंबईत प्रत्यक्ष ऐकायचे असल्यास नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या कार्यक्रमपत्रिकेवर लक्ष ठेवावे. गीतमालिका चालू असताना मधल्या गाण्यांना दाद देण्याची पद्धत तिथे नाही; टाळ्या शेवटच्या गाण्यानंतर, गायक आणि पियानोवादक दोघेही स्वस्थ झाल्यावर वाजवाव्यात.