एआयला स्कॅन दाखवताय? आधी या चुका टाळा

सीटीचा रिपोर्ट हातात पडायच्या आत घरातला एखादा शहाणा पोरगा एआयला विचारून मोकळा झालेला असतो, ‘कॅन्सर पसरलाय का?’ मी स्कॅन काढतो त्या सोलापुरातल्या सेंटरच्या काउंटरवर हे आता रोजचं झालंय.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे फिल्मचा फोटो. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरायची, मोबाइलनं टिपायची, व्हॉट्सॲपवरून फिरवायची आणि तोच फोटो एआयला द्यायचा. अरे, सीटी मशीनमधून निघणाऱ्या मूळ फाइलमध्ये, म्हणजे डायकॉममध्ये, करड्या रंगाच्या साधारण ४०९६ छटा असतात, फोटोत २५६. फुफ्फुस, यकृत, हाड, प्रत्येकासाठी विंडो, म्हणजे कोणत्या छटा ठळक दाखवायच्या ती सेटिंग, बदलून बघावी लागते. फिल्मवर जी छापली ती छापली.

अशोक चौकाकडच्या एका विडी वळणाऱ्या बाईंची स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू होती. भाच्यानं असाच फोटो ॲपमध्ये टाकला. उत्तर आलं, ‘फुफ्फुसात पसरल्याची शक्यता.’ घरात रडारड. ‘आता केमो घेऊन काय करायचं’ म्हणत त्यांनी ठरलेली तारीखही चुकवली! पुढे रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मूळ फाइलची सीडी उघडली. ठिपके होते, पण चुना साठून पांढरेफटक झालेले, आणि कॅन्सरच्या आधीच्या सीटीतही तिथेच, तेवढेच. जुन्या टीबीच्या खुणा. ती आधीची सीडी घरातच कपाटात पडून होती. मी तर पेशंट टेबलावर घ्यायच्या आधी जुनी सीडी मागतो; लोक चिडतात, चिडू देत.

टीबी हा आपल्याकडचा मोठा चकवा. पेट स्कॅनमध्ये टोचलेलं किरणोत्सारी ग्लुकोज कॅन्सरच्या गाठी ओढून घेतात, तसं चालू टीबीच्या गाठीही घेतात. टीबी क्वचित दिसणाऱ्या देशातल्या स्कॅनवर शिकलेलं मॉडेल त्यांना ‘पसरलाय’ म्हणणारच. शंका असेल तिथे बायोप्सी. तिला शॉर्टकट नाही.

‘एआयनं डॉक्टरांना हरवलं’ ही बातमी अर्धी वाचू नका. २०१६च्या कॅमेलिऑन या एआय स्पर्धेत काही प्रोग्रॅम घड्याळ लावून बसवलेल्या ११ पॅथॉलॉजिस्टांपेक्षा सरस ठरले, हे खरं. पण ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या लसिकाग्रंथींच्या काचपट्ट्यांवर, सीटीवर नव्हे.

एआय बनवणाऱ्या प्रोजेक्टवाल्या पोरांनो, एकाच पेशंटच्या स्लाइस, म्हणजे स्कॅनचे काप, मॉडेल शिकवायच्या ट्रेनिंगमध्येही आणि ते तपासायच्या टेस्टमध्येही घालून अचूकतेवर नाचू नका.

पेट स्कॅनआधी चहा पिऊन येऊ नका. वजन अंदाजे सांगू नका, गाठीनं किती ग्लुकोज ओढलं ते सांगणारा एसयूव्हीचा आकडा वजन धरूनच निघतो.

आणि एआयनं ‘साफ’ म्हटलं म्हणून पुढची तपासणी टाळू नका. ८ मिमीपेक्षा लहान गाठ पेटवर उजळेलच असं नाही.