रोजच्या ताटात 30 ग्रॅम चोथा: मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी करणारं जेवण

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा पॉलिप नावाच्या साध्या गाठीतून सुरू होतो आणि त्या गाठीचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. जेवणाचा उपयोग होतो तो या दहा वर्षांत. चोथा, म्हणजे फायबर, लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचला की तिथले जिवाणू त्याला आंबवतात आणि ब्युटिरेट तयार होतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं हे मुख्य खाद्य. शिवाय मळाला भर येतो, तो लवकर पुढे सरकतो आणि त्यातले अपायकारक पदार्थ अस्तराला कमी वेळ लागून राहतात. 2011 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा रोज 10 ग्रॅम जादा फायबरमागे धोका सुमारे 10 टक्क्यांनी कमी दिसला. ही हमी नव्हे, पण फुकट मिळणारा फायदा आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था 2000 कॅलरीच्या आहारात 30 ग्रॅम फायबर असावं असं सांगते.

आता हिशोब. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 10 ग्रॅम फायबर असतं. पॉलिशच्या तांदळात आणि मैद्यात 3 ग्रॅमसुद्धा नाही. एका भाकरीला 70 ग्रॅम पीठ धरलं तर दिवसाच्या तीन भाकरींत 21 ग्रॅम झाले. तेवढ्याच वजनाच्या तांदळाचा भात खाल्ला तर सहाच्या आत. गव्हाचंही वावडं नको, चक्कीवरच्या कणकेत 11 ग्रॅम असतं. पण बारीक चाळणीनं कोंडा काढून म्हशीला घातला की फायदा म्हशीचा.

भाकरी सुटण्याचं कारण पुष्कळदा पिठात असतं. महिनाभराचं दळण एकदम आणलं की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना भाकरी फाटते, आणि मग घरात पोळीच बरी असं ठरतं. दळण आठ-दहा दिवसांचंच आणा. विरी गेलेलं पीठ असेल तर उकळतं पाणी घालून झाका, हात लावण्याइतकं निवलं की नीट मळा, भाकरी जमते.

उरलेले ग्रॅम उसळीतून आणि भाजीतून येतात. 40 ग्रॅम कोरडी मटकी म्हणजे सुमारे 6 ग्रॅम फायबर. मटकी आठ तास भिजवून फडक्यात बांधा. हिवाळ्यात मोड यायला दिवस जातो, पण एप्रिल-मे मध्ये रात्रीची बांधलेली सकाळी तयार असते. त्यापुढे ठेवली तर बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो. ती टाकून द्या. उन्हाळ्यात गाठोडं मधे एकदा पाण्यातून काढायचं. मध्यम पेरूत 8 ग्रॅमच्या आसपास फायबर मिळतं, तेही बियांसकट खाल्ला तर. मोसंबीचा रस गाळून पिण्यापेक्षा पाकळ्या पांढऱ्या सालीसकट खा.

जवसाच्या चटणीवर जरा थांबायला हवं. जवसात वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त फायबर असतं, पण अख्खे दाणे न चावता गिळले तर तसेच बाहेर पडतात. 150 ग्रॅम जवस मंद आचेवर परता, दाणे तडतडायला लागले की लगेच उतरवा. रंग काळपट झाला तर चटणी कडू लागते. गार झाल्यावर 8-10 लसूण पाकळ्या, जिरं, तिखट, मीठ घालून कुटा. दळलेल्या जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून उन्हाळ्यात आठवड्यापुरतीच करा. रोज दोन चमचे पुरे.

पालेभाज्यांची अडचण मराठवाड्यात ऋतूची आहे. हिवाळ्यात करडई, हरभऱ्याचा पाला, मेथी, शेपू ढीगभर. उन्हाळ्यात बाजार रिकामा. हरभऱ्याचा कोवळा पाला हिवाळ्यातच सावलीत वाळवून डब्यात भरा. वाळवताना क जीवनसत्त्व जातं, चोथा मात्र राहतो. उन्हाळ्यात जोडीला शेवग्याच्या शेंगा आणि गवार.

अँटिऑक्सिडंटचं, म्हणजे पेशींची झीज रोखणाऱ्या पदार्थांचं, प्रकरण थोडं वेगळं आहे. भाजीपाल्यातल्या रंगद्रव्यांचा आणि क जीवनसत्त्वाचा उपयोग जेवणातूनच होतो. तोच पदार्थ गोळीत भरला की तेच फळ मिळतं असं नाही. फिनलंडमधल्या 1994 च्या चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या (गाजरातल्या केशरी रंगद्रव्याच्या) गोळ्या घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांनी पॉलिप पुन्हा होणं थांबलं नाही. तेव्हा महागड्या हळदीच्या कॅप्सूल, 'इम्युनिटी' पावडरी यांवर पैसे घालवू नका. भाजी चिरल्यावर नव्हे, चिरण्याआधी धुवा आणि ती शिजवलेलं पाणी फेकू नका. टोमॅटो, गाजर, पालेभाजी चमचाभर तेलात शिजवा, कारण त्यांचे रंग तेलातच शोषले जातात. भाकरीबरोबर कच्चा कांदा, वर लिंबू आहेच.

फसतं ते घाईनं. आज भातावर असलेला माणूस उद्या तीन भाकरी, उसळ, जवस असं एकदम खायला लागला की पोट फुगतं, गॅस होतो, आणि आठवड्यात सगळं बंद. आठवड्याला साधारण 5 ग्रॅम वाढवा: आधी एका वेळचा भात काढून भाकरी, मग उसळ, मग चटणी. पाणी वाढवलं नाही तर याच चोथ्यानं मलावरोध होतो. उन्हात काम असेल तर तीन लिटरही कमी पडतं. इसबगोल घ्यायचंच असेल तर एक-दोन चमचे, पूर्ण ग्लासभर पाण्यात, लगेच प्या. कोरडं गिळलं तर घशात अडकतं. औषधांच्या आणि त्याच्या वेळेत दोन तासांचं अंतर ठेवा. आतडं अरुंद झालेले, आतड्याचं ऑपरेशन झालेले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

दारू आणि तंबाखू चालू ठेवून ज्वारी खाण्यात फारसा अर्थ नाही. मटण आठवड्याला शिजवलेलं 350 ते 500 ग्रॅमपर्यंत ठीक. सॉसेज, सलामी यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस टाळाच.

आणि शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध समजून गावातल्या जडीबुटीवर महिने काढू नका. शौचाची सवय तीन आठवड्यांहून जास्त बदललेली, विनाकारण वजन घटलेलं, हिमोग्लोबिन कमी झालेलं असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवा. आई-वडील किंवा भावंडांना हा आजार झाला असेल तर लक्षण नसतानाही चाळिशीत तपासणी करून घ्या. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, ठरली की मात्र वरचा सगळा आहार दोन-तीन दिवस आधी बंद: भाकरी, जवस, पालेभाजी, बियांचं फळ काही नाही, फक्त मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, ताक. आदल्या दिवशी काय चालेल ते डॉक्टर सांगतील तसं. पेरूची एखादी बी आतड्यात राहिली तरी दुर्बिणीपुढे अडथळा होतो.